पहिला आरवेल तो देवाचा

वत्सलानं त्या दिवशी जीभ जरा आवरली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण जीभ आवरणारी बाई ती नव्हेच. मुरबाडहून म्हसा गावाकडं जाणाऱ्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथून आत गेलं की बाराएक घरांचा पाडा आहे, आणि त्यातलं शेवटचं निळ्या दाराचं घर तिचं. पाड्यात कुणाच्या घरी भांडण लागलं तर सोडवायला वत्सला पहिली धावते. नसलं लागलं तर लावायलाही तीच येते, असं शेजारची मैना म्हणते. मैनेचं किती मनावर घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

तर झालं असं. वत्सलाच्या वैष्णवीचं लग्न आसनगावच्या संदेशशी ठरलं. मुलगा सरळ, नोकरीवाला, रोज कल्याणला जाऊनयेऊन काम करणारा. त्याची आई गोजरबाई मात्र जरा कडक वाटायची. सोनेरी काड्यांचा चष्मा, मोजकं बोलणं, आणि हसू तर नाहीच. डिसेंबरातल्या एका रविवारी ती मंडळी घर बघायला आली. वत्सलाच्या नवऱ्यानं, कमळाकरनं, मुरबाडहून बॉयलर कोंबडी आणली. वत्सलानं कांदा-खोबरं चुलीत भाजून, पाट्यावर वाटून असा रस्सा केला की वास फाट्यापर्यंत गेला असेल. गोजरबाई जेवल्या, हात धुतले, रुमालाला पुसले आणि म्हणाल्या, "मसाला छान होता हो. कोंबडीला मात्र काही चवच नाही. कापूस चावल्यासारखं लागतं. आमच्याकडंही हीच मिळते म्हणा."

दुसरी कुणी असती तर हसून सोडून दिलं असतं. वत्सलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कमळाकरनं ते पाहिलं, पण तो तिला डोळ्यानं खुणावेपर्यंत उशीर झाला होता.

"पाचपरतवणाला या, विहीणबाई," ती म्हणाली. "माझ्या अंगणात वाढलेलं कोंबडं खायला घालते. विकतचा एक तुकडा पातेल्यात पडला तर माझं नाव बदला."

पाचपरतवण म्हणजे लग्नानंतर पाचव्या दिवशी लेक-जावई माहेरी परततात तो दिवस. सासरची माणसं सोबत येतात आणि मटणा-कोंबडीचं दणकून जेवण होतं. आपल्याकडं लग्नाच्या जेवणाला एकवेळ नावं ठेवली तरी चालतात, पाचपरतवणाला कुणी ठेवली तर पोरीला सासरी वर्षभर ऐकावं लागतं. आणि हा शब्द देणाऱ्या बाईच्या अंगणात त्या वेळी होतं काय? अंड्यांवर बसून बसून खुडूक झालेली एक म्हातारी कोंबडी आणि एका पायानं लंगडणारा एक कोंबडा. बस्स.

जानेवारीत म्हशाची जत्रा उठली आणि त्याच आठवड्यात मोटारसायकलवर पिल्लं विकणारा माणूस पाड्यात आला. मागं जाळीचे दोन क्रेट, आत पिवळी-तांबडी पिल्लं चिवचिवत होती. "मावशी, अर्ध्या माद्या, अर्धे नर, आईशपथ," तो म्हणाला. वत्सलानं चाळीस घेतली. तीन महिन्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर लाल तुरे उगवले तेव्हा कळलं की त्या आईशपथीत एकसुद्धा मादी नव्हती. पण तिला हवं होतं मटण, अंडी कुठं हवी होती? म्हणून तिनं त्या माणसाला दोनच शिव्या दिल्या आणि तिसरी राखून ठेवली.

मग सुरू झाली ती कोंबड्यांची सेवा! पहिले वीस दिवस पिल्लं घरातच, बांबूच्या डालग्याखाली. भाताच्या तुसाची गादी, वर पिवळा बल्ब, आणि वीज गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मधोमध. खायला तांदळाची कणी आणि मक्याचा भरडा. पुढं रोज सकाळी वत्सला कुदळ घेऊन बांधावर जायची, वाळवीचं वारूळ फोडायची आणि ढेकळं पाटीत भरून आणायची. ती ढेकळं अंगणात आपटली की पिल्लं अशी तुटून पडायची, की बघताना तिला स्वतःला भूक लागायची. लसूण ठेचून पाण्यात, हळद कण्यांत. गुरांच्या दवाखान्यातून लस आणून प्रत्येकाच्या डोळ्यात एक-एक थेंब. पिल्लू धरायला वैष्णवी, थेंब टाकायला आई.

"आई, साड्या बघायला कल्याणला कधी जायचं?"

"यांचा डोस पडू दे, मग जाऊ."

"पत्रिका छापायला टाकायच्यात."

"खुराडं शाकारून झालं की टाकू."

"लग्न माझं हाय का या कोंबड्यांचं?" वैष्णवी कमरेवर हात ठेवून विचारायची आणि दोघी हसत सुटायच्या.

हसायची खरी, पण वत्सलाला एक गोष्ट आतून ठाऊक होती. पिल्लांमागं धावताना तिला पोरीच्या जाण्याचा विचार येत नसे. हात रिकामे झाले की लगेच यायचा. वैष्णवीशिवाय हे घर कसं असेल, चहाला हाक कुणाला मारायची, हे मनात आलं की ती उठायची आणि कारण नसताना कोंबड्यांचं पाणी बदलायची. दिवसातून सात वेळा पाणी बदललेल्या कोंबड्या अख्ख्या तालुक्यात दुसरीकडं नसतील.

म्हातारी कोंबडी आणि लंगडा कोंबडा तर आधीच मुंगसानं संपवले. पिल्लांतली घारीनं दोन नेली, मुंगसानं चार, थंडीनं तीन गेली. उरली एकतीस. एकतीस पुरेशी होती. पण होळीनंतर पलीकडच्या पाड्यात मानमोडी आली. या रोगात कोंबडीची मान वाकडी होते, ती गिरक्या घेते आणि दोन दिवसांत अंगणंच्या अंगणं साफ होतात. लस दिली होती, तरी वत्सलाचा भरवसा बसेना. तिनं अंगणात येणाऱ्या प्रत्येकाला फाटकाशीच अडवून पाय धुवायला लावले. स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा. आणि एवढ्यानंही चैन पडेना, तेव्हा ती रानाच्या कडेला ऐनाच्या झाडाखाली बसलेल्या गावदेवापुढं जाऊन उभी राहिली. शेंदूर फासलेला दगड, वर छप्पर नाही, पुढं चारदोन मातीचे घोडे.

"देवा, ही एकतीस जगू दे," ती म्हणाली. "यातला पहिला आरवेल तो तुझा."

अहो, शहाण्या माणसानं म्हणावं, एक कोंबडा देईन. झालं, संपलं. देव काय जन्मतारीख विचारतो? पण नाही! साधं बोलेल तर ती वत्सला कसली.

देवानं आपला शब्द पाळला. पलीकडचा पाडा रिकामा झाला आणि इकडं एकाची मान वाकडी झाली नाही. आता पाळी वत्सलाची होती. चैत्रातल्या एका सकाळी ती अंगण झाडत असताना बंद खुराड्यातून एक फाटका, घोगरा आवाज आला, "कुक्... कूक्..." आणि मध्येच अडकला. वत्सलानं खराटा टाकला, धावत जाऊन खुराड्याचं दार उघडलं. एकतीसच्या एकतीस कोंबडे एकमेकांच्या डोक्यावरून बाहेर सांडले. सगळे तांबडे, सगळे एका उंचीचे, सगळ्यांची तोंडं तीच.

"कोण रे आरवला?" तिनं दरडावून विचारलं. सगळ्यांनी कण्या कुठं आहेत ते पाहिलं.

दुसऱ्या सकाळी ती चहाचा कप घेऊन खुराड्यासमोरच बसली. चौघं एकदम आरवले. तिसऱ्या सकाळी तर सगळ्यांनी मिळून पाडा डोक्यावर घेतला. संपलं. आता कालपरवाचा तो पहिला कोण, हे ब्रह्मदेवाला विचारूनही कळणार नव्हतं. वत्सलानं हे कुणाला सांगितलं नाही. लग्न होऊ दे, मग बघू, असं म्हणून तिनं तोंड मिटलं. तिच्या आयुष्यात ती गप्प बसली असा हा एकच प्रसंग, आणि तोही चुकीचा निवडला.

लग्न झोकात झालं. वैष्णवी गेली. जाताना दोघी मायलेकी इतक्या रडल्या की बॅन्डवाल्यांनी वाजवायचं थांबवलं. आणि चौथ्या दिवशी दुपारी कमळाकर सुरीला धार लावत ओट्यावर बसला.

"उद्या सकाळी लवकर कापायला घेतो," तो म्हणाला. "पंचवीस पुरतील ना गो?"

वत्सला खुराड्यापुढं दोन्ही हात पसरून उभी राहिली. "एकालाबी हात लावायचा नाय!"

कमळाकर गवंडी माणूस, बोलायला जड. त्यानं सुरी खाली ठेवली. मग वत्सलानं सगळं सांगितलं. मानमोडी, नवस, तो घोगरा आवाज, त्या तिन्ही सकाळी. सांगताना तिला हुंदका आला.

"मग दे की त्यातला एक कुठलाबी देवाला," कमळाकर म्हणाला.

"आन् तो नसला तर? देवाचा वाटा विहिणीच्या ताटात पडला तर? पोर कालची नवरी हाय माझी. तिच्या संसाराला काय झालं तर तुमी निस्तरणार काय?"

"मग मुरबाडवरनं बॉयलर आणतो."

यावर वत्सलानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं पायात घातलेल्या चपला परत काढल्या. बॉयलर आणावं तर विहिणीपुढं तोंड काळं, आणि पोरीला सासरी मान खाली घालून राहावं लागणार. घरचं कापावं तर देव डोक्यावर बसलेला. अंगणात एकतीस धष्टपुष्ट कोंबडे फिरत होते आणि वत्सलाच्या हातात एकही नव्हता.

दोघं तशीच उन्हात डोंगराकडच्या वाडीवर मंगळूकडं गेली. मंगळू ठाकूर म्हणजे गावदेवाची पूजा करणारा भगत. सत्तरी ओलांडलेली, तोंडात तीन दात, दारात बसून टोपली विणत होता. त्यानं सगळं ऐकलं आणि इतका हसला की त्याला खोकला लागला.

"देवालाच इचारू," खोकला थांबल्यावर तो म्हणाला. "उद्या सकाळी समदी घेऊन या. पाणी मारायचं. जो अंग झाडील तो देवाचा. बाकीची तुझी."

वत्सलाचा जीव भांड्यात पडला. इतकं सोपं होतं होय!

दुसऱ्या दिवशी ऊन वर यायच्या आत सात डालगी डोक्यावर घेऊन सात बाया ऐनाकडं निघाल्या. पुढं वत्सला, शेवटी मैना, जी वाटभर "कोंबड्यांची वरात, कोंबड्यांची वरात" करत होती. मंगळूनं देवाला नारळ वाढवला, तांदूळ टाकले, मडक्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि पहिल्या कोंबड्याच्या डोक्यावर शिंपडलं. कोंबड्यानं मान, पंख, शेपूट सगळं फडफडून अंग झाडलं.

"हाच तो!" वत्सला ओरडली. "मला वाटलंच होतं!"

"थांब गो बाय. समद्यांना इचारायला लागतं."

दुसऱ्यावर पाणी पडलं. दुसऱ्यानं अंग झाडलं. तिसऱ्यानं झाडलं. चौथ्यानं झाडलं. अहो, मे महिना, सकाळीच अंगाची काहिली होत होती, आणि रानातल्या झऱ्याचं गार पाणी डोक्यावर पडलं तर कोण नाही झाडणार? मीसुद्धा झाडलं असतं. एकवीस नंबरचा तर पाणी पडायच्या आधीच झाडून मोकळा झाला. एकतिसावा झाला तेव्हा मंगळूनं ओले हात धोतराला पुसले आणि देवाकडं बघून मान डोलावली.

"देवानं समदीच घेतली, वत्सलाबाय."

वत्सला होती तिथंच मातीत बसली. "आता मी विहिणीला काय घालू रे मंगळूबाबा? अकरा वाजता गाडी येईल त्यांची."

"देवाचं झालं म्हणून देव काय एकटा खातो?" मंगळू म्हणाला. "हितंच कापायचं, हितंच शिजवायचं, हितंच जेवायचं. एक तुकडा शिवेपल्याड जायला नको आन् वाटेनं जाणारा उपाशी जायला नको. एवढंच हाय त्याचं. विहिणीला हितं बलव. देवाच्या पंक्तीला बसायला तिला काय काटे टोचतात?"

आपला पाडा एरवी एका सार्वजनिक नळावरून वर्षभर भांडेल, पण असं काही निघालं की बघावं! मैना घरी धावली आणि परातभर तांदळाचं पीठ घेऊन आली. कमळाकरनं दगड मांडून चार चुली केल्या, गवंड्याच्या चुली त्या, एकही डगमगली नाही. गणपतीची मोठी पातेली आली. वाटण घरी तयार होतं, ते बादलीतून आलं. वाडीवरच्या बाया पळसाची पानं काढून पत्रावळी टाचायला बसल्या. दहा वाजता पातेल्यांना उकळी फुटली आणि तो वास, काय सांगू, गावठी मसाल्याचा, धुराचा, रानाचा वास असा काही पसरला की फाट्यावर म्हशाकडं चाललेली काळीपिवळी जीप आपोआप थांबली. आतल्या अकरा जणांना मंगळूनं हात करून बोलावलं. नियम म्हणजे नियम.

सगळे मजेत होते. एक वत्सला सोडून. ती रस्सा ढवळत होती आणि दर दोन मिनिटांनी वाटेकडं बघत होती. सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारी बाई, फ्लॅटमध्ये राहणारी, तिला घराच्या ओट्यावर पाट-रांगोळीनं बसवायचं ते रानात मातीवर बसवायचं. आणि वर हे सांगायचं की मी नवस चुकीचा बोलले. वैष्णवीच्या नशिबात आता काय वाढून ठेवलंय कोण जाणे, असं तिला सारखं वाटत होतं.

फाट्यावर उभ्या केलेल्या पोरानं वाट दाखवली आणि साडेअकराला माणसं पायवाटेनं येताना दिसली. पुढं वैष्णवी, हिरव्या चुड्यात, नवी कोरी साडी वर खोचून, जवळजवळ धावत. मागं संदेश. आणि त्याच्यामागं जरीची साडी सांभाळत गोजरबाई, मागं पंधरा पाहुणे. वैष्णवी आईच्या गळ्यात पडली, पण वत्सलाची नजर विहिणीवरून हलेना. गोजरबाई ऐनाखाली येऊन उभ्या राहिल्या. चुली पाहिल्या, पत्रावळी पाहिल्या, जीपवाले पाहिले, देवाचा दगड पाहिला.

"विहीणबाई, माझंच चुकलं," वत्सलानं सुरुवात केली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. चुलीपाशी सगळे कामं सोडून उभे राहिले. मैनासुद्धा.

गोजरबाईंनी चष्मा काढला. तोंडावर पदर धरला. वत्सलाला वाटलं, आता संपलं. आणि त्या पदराआडून खुदकन आवाज आला. मग दुसरा. मग गोजरबाई अशा हसल्या, अशा हसल्या, की त्यांना धरायला संदेशला पुढं व्हावं लागलं. "आईला असं हसताना मी कधी पाहिलंच नाय," तो बायकोला म्हणाला.

"सगळ्यांनी अंग झाडलं?" डोळे पुसत गोजरबाईंनी विचारलं.

"एकानं तर पाणी पडायच्या आधी," मंगळूनं सांगितलं, आणि त्यांना पुन्हा हसू फुटलं.

मग त्यांनी चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि सरळ मातीवर मांडी घालून बसल्या. "वाढा," म्हणाल्या. त्यांचं शहरी बोलणं तिथंच गळून पडलं. "तानसा तलावाच्या अंगाला माझं माहेर. असं देवाच्या रानात जेवून मला तीस वरसं झाली असतील. वाढा गो, बघत काय बसल्या?"

त्या तीन भाकऱ्या जेवल्या. रस्सा चार वेळा घेतला. हाडं चोखली, बोटं चाटली, आणि मध्ये एकदा मान वर करून "आता खरं दाताला काम लागलं" एवढंच म्हणाल्या. वत्सला पातेल्यापाशी उभी राहून वाढत होती. लेकीच्या आईनं पाहुणे उठल्याशिवाय जेवायचं नसतं, आणि खरं सांगायचं तर तिला भूकच नव्हती, तिचं पोट आनंदानंच भरलं होतं. पण गोजरबाईंनी तिचा पदर ओढला आणि शेजारी बसवलं. स्वतःच्या पत्रावळीतला तुकडा तिच्या तोंडाशी धरला.

"पाच महिने राबून वाढवलं, तुमीच नाय चाखलं तर कसं?" त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून बोलल्या, "माझ्या पाचपरतवणाला सासूनं मला एकच रात राहू दिलेलं. आईला धड भेटलेबी नाय मी. पुढं पावसात ती गेलीच. विहीणबाई, वैष्णवीला आठ दिवस ठेवून घ्या. न्यायला मीच येईन, कुणाला घाई करू देणार नाय."

वत्सलाच्या तोंडात घास होता. तिला काही बोलता आलं नाही. अख्ख्या पाड्यानं पाहिलं, वत्सलाला बोलता आलं नाही!

जेवणं झाली, पाहुणे गेले, पातेली घासून झाली. दुसऱ्या सकाळी सवयीनं वत्सला उजाडताच उठली, कण्यांची वाटी घेऊन खुराड्याशी गेली आणि तिथंच थबकली. दार उघडं, आत नुसतं तूस. ज्यांचं पाणी बदलायचं, ज्यांच्यावर ओरडायचं, ते कुणीच नव्हते. पाच महिने तिनं ज्या विचारापासून पळ काढला होता तो समोर येऊन उभा राहिला, आणि आता पळायला जागाच नव्हती.

"आई," मागून हाक आली. वैष्णवी दारात उभी होती, केस मोकळे, हातात दोन कप. "ये गो. चहा गार होतोय."

वत्सलानं वाटीतल्या कण्या अंगणात चिमण्यांना टाकल्या, हात पदराला पुसले आणि ओट्यावर जाऊन पोरीला लागून बसली. चहा कधी संपला ते दोघींना कळलं नाही, आणि दुपारच्या जेवणापर्यंत कुणीही उठलं नाही.